कर्मेलनंतरची झोप

एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा कर्मेल डोंगरावरच मुक्काम करतो. जागाच तशी आहे. एका बाजूला बआल या दैवताचे ४५० संदेष्टे, दुसरीकडे एकटा एलीया, मध्ये दोन वेद्या. ज्याचा देव आकाशातून अग्नी पाठवील तो खरा, असा भर माळावर उघड सामना. अग्नी पडतो, लोक जमिनीवर पालथे पडतात, एलीयाचा जयजयकार होतो. संडे स्कूलच्या पोरांना ही गोष्ट फार आवडते. पराभूत संदेष्ट्यांची पुढे जी कत्तल होते ती मात्र पोरांना कुणी सांगत नाही, आणि ‘पहिले राजे’ या पुस्तकातला त्याच्या पुढचा, १९ वा अध्याय मोठ्यांनाही फारसा सांगितला जात नाही.

त्या अध्यायात हाच विजयी एलीया जीव घेऊन पळतो. ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुझाही निकाल लावते म्हणून. एवढ्याने गडी खचतो. बैर-शेबाला पोचल्यावर सोबतच्या चाकराला तिथंच सोडतो, दिवसभराची वाट तुडवून रानात जातो, एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आता पुरे झालं, माझ्या वाडवडिलांपेक्षा मी काही वेगळा निघालो नाही, अशा अर्थाचं बोलतो आणि झोपी जातो.

राजकारणाने दमलेल्या श्रद्धावंताचं याहून नेमकं चित्र मला बायबलात दुसरं सापडत नाही. त्यातली पहिली लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की एलीया हरून दमलेला नाही. तो जिंकून दमलेला आहे. एवढा अग्नी पडला, एवढे लोक ‘परमेश्वर हाच देव’ म्हणून ओरडले, आता राजवाडा बदलेल, राणी नमेल, देश सुधारेल, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी राजवाडा होता तिथंच होता आणि राणीचा आवाज आणखी चढला होता. हरलेल्या माणसाला निदान पुढच्या डावाची आशा असते. जिंकूनही काही हललं नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडे तीही उरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं असं नाही, हैदराबादच्या आमच्या नल्लकुंट्यात कळलं. आमचं घराणं मूळचं जालन्याकडचं, ख्रिस्ती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना शिक्षणाला, नोकरीला हैदराबाद म्हणजे परमुलूख वाटत नसे. माझे एक मामा असेच इथे आले आणि उस्मानिया विद्यापीठाच्या या बाजूला कायमचे राहिले. बँकेत नोकरी, युनियनमध्ये पदाधिकारी, तेलुगू आमच्या सगळ्यांत फर्डी. तेलंगणाचं आंदोलन पेटलं तेव्हा साठी उलटलेली, तरी गडी रस्त्यावर. उस्मानियाच्या आवारातला अश्रुधूर वारा फिरला की आमच्या गल्लीपर्यंत यायचा. मामी ओले रुमाल करून दारात बसायच्या. १० मार्च २०११ च्या टँक बंडवरच्या मिलियन मार्चला मामा पायी गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सकल जनुल सम्मे’ हा ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा ते रोज कुठल्या ना कुठल्या धरण्याला हजर. २ जून २०१४ ला राज्य झालं. मामांनी प्रार्थनेत आभार मानले, गल्लीत पेढे वाटले.

आणि मग नेमकं एलीयासारखं झालं. राज्य आलं, पण मामांच्या मनातलं जे काही होतं ते आलं नाही. नोकऱ्या, विद्यापीठ, बस्तीतलं पाणी यांचा हिशेब ते काही वर्षं करत राहिले, मग त्यांनी वहीच मिटली. डिसेंबर लागला की सरकारतर्फे गरीब ख्रिस्ती कुटुंबांना कपड्यांचं पाकीट मिळायचं आणि एल. बी. स्टेडियमवर नाताळचं सरकारी जेवण व्हायचं. पाकिटं चर्चमध्ये वाटली जात तेव्हा मामा मागच्या बाकावरून उठून बाहेर जाऊन उभे राहत. एवढ्यासाठी का रे, एवढंच विचारायचे. ३० नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचं मतदान होतं. दुपारी मी विचारलं, “मामा, मत टाकून आलात का?” वर्तमानपत्राची घडी न उघडता त्यांनी ते बाजूला सारलं. “नाही गेलो बाबा. हे जातात, ते येतात. मी आता प्रभूचं नाव घेतो, तेवढं पुरे.”

हे ऐकून चर्चमधले काही जण खूश झाले. ब्रदर आता खऱ्या अर्थाने आध्यात्मिक झाले, असं एकाने मला कानात सांगितलंसुद्धा. मला ते पटलं नाही. मामा आध्यात्मिक झाले नव्हते, ते थकले होते. आणि थकव्याला वैराग्य म्हणणं ही धार्मिक माणसांची जुनी लबाडी आहे.

अशी दमणूक फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जेरी फॉलवेल या पास्टरांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. मतपेटीतून देश ख्रिस्ती नीतीवर आणायचा, असा बेत. वीस वर्षं सभा, निधी, उमेदवार, जय-पराजय सगळं झालं. ज्या पॉल वायरिक यांनी त्या संघटनेला हे नाव सुचवलं होतं, त्यांनीच फेब्रुवारी १९९९ मध्ये जाहीर पत्र लिहिलं, की आपले उमेदवार निवडून आले तरी समाज काही आपल्या वाटेने आला नाही, तेव्हा आता आपण आपल्या वेगळ्या संस्था उभारून बाजूला व्हावं. त्यांचं राजकारण मला बिलकूल मान्य नाही. पण पत्रातला दम लागलेला माणूस मी ओळखतो. तो कर्मेलवरून उतरलेला आहे.

म्हणून मला वाटतं, दमवतं ते राजकारण नव्हे, कर्मेल दमवतो. एका दिवसात, एका निवडणुकीत, एका अग्नीत सगळं लख्ख होईल ही अपेक्षा दमवते. श्रद्धावंत माणूस या अपेक्षेला जास्त बळी पडतो, कारण देवाच्या राज्याची वाट पाहायची त्याला सवय असते आणि ती वाट तो नकळत सचिवालयाच्या दारात पाहू लागतो.

आता देव या दमलेल्या माणसाचं काय करतो ते पाहावं. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि इथे घाई करू नये. देव रागावत नाही. मरण मागणं पाप आहे, असं म्हणत नाही. कामावर परत जा, असंही म्हणत नाही. देवदूत येतो, एलीयाला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू ठेवलेला असतो. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही पुन्हा भाकरच, आणि वर एवढंच म्हणतो, की पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही, म्हणून खा. उपदेशाचा एक शब्द नाही.

आमच्या इथे नल्लकुंट्यात फिव्हर हॉस्पिटल आहे. सर रोनाल्ड रॉसच्या नावाचं, पण जुनी माणसं अजून ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. साथीच्या दिवसांत तिथे रांग फाटकाबाहेर येते. तापाने फणफणलेल्या माणसाला तिथे कुणी विचारत नाही, की तू डास होऊ का दिलेस. आधी सलाईन, आधी ताप खाली. डबक्यांची चर्चा नंतर. मंडळीत मात्र आपण उलटं करतो. राजकारणाने दमलेला माणूस समोर आला की एक जण त्याला कर्तव्याची आठवण करून देतो, दुसरा म्हणतो, बरं झालं सुटलास, ते सगळं सैतानाचंच होतं. तिमथ्याच्या पत्राचा आधार घेऊन पास्टरगारू दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतात, ती चांगलीच आहे. पण राज्यकर्त्यांमुळे दमलेल्यांसाठी प्रार्थना मी अजून ऐकलेली नाही.

भाकर खाऊन एलीया ४० दिवस चालतो आणि होरेब डोंगरावरच्या गुहेत पोचतो. तिथे वादळ येतं, भूकंप होतो, अग्नी येतो. तिन्हींत परमेश्वर नसतो. मग एक शांत, मंद वाणी ऐकू येते. प्रवचनकार साधारण इथे डोळे मिटतात. आवाज बारीक करून सांगतात, बघा, देव गदारोळात नाही, अंतरीच्या शांततेत आहे. तेव्हा जगाची कटकट सोडा. पण वाणी म्हणते काय ते पुढे वाचायला हवं. ती विचारते, एलीया, तू इथे काय करतोस? एलीया आधी दिलेलंच उत्तर घोकल्यासारखं परत देतो: सगळ्यांनी तुझा करार मोडला, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलो. त्यावर ती शांत वाणी त्याला कामं सांगते, आणि तीन कामांतली दोन उघड राजकीय. अरामावर हजाएलला राजा म्हणून अभिषेक कर, इस्राएलावर येहूला कर, आणि तुझ्या जागी अलीशाला नेम. शेवटी जाता जाता एक आकडा सांगते: बआलपुढे गुडघा न टेकलेले ७,००० लोक इस्राएलात मी राखले आहेत.

म्हणजे एकांतात जाऊन देवाला भेटलेल्या माणसाला देवाने पुन्हा गावातच धाडलं. आणि ‘मी एकटाच’ या त्याच्या दुखण्यावर आकड्याने उतारा दिला. ते ७,००० कर्मेलवर दिसले नव्हते. ते मोर्च्यात नव्हते, व्यासपीठावर नव्हते. कोण होते, काय करत होते, बायबल सांगत नाही.

एलीया परततो, पण यानंतर तो दुसरा कर्मेल भरवत नाही. त्याचं पुढचं मोठं काम दोन अध्यायांनंतर येतं, आणि ते एका शेतकऱ्याच्या तुकड्याचं आहे. इज्रेलात राजा अहाबच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा असतो. राजाला तो भाजीच्या मळ्यासाठी हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. ईजबेल दोन खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडांनी ठार मारलं जातं, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. तिथे मळ्यातच एलीया त्याला गाठतो. अग्नी नाही, गर्दी नाही. खून करून वर जमीनही लाटलीस ना, एवढाच सवाल.

हा अध्याय वाचताना मला हटकून वसई आठवते. मराठी ख्रिस्ती माणसाने राजकारणात कसं उतरावं याचा आपल्याकडचा सगळ्यात लख्ख नमुना फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि त्यांचं राजकारण पहिल्यापासून नाबोथाच्या मळ्याचं होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींची नजर पडली. केळी, पानवेली, फुलांच्या वाड्या, त्यांच्या विहिरी. वाड्यांच्या विहिरींतलं पाणी टँकरने नव्या इमारतींना विकलं जाऊ लागलं. बिल्डर, टँकरवाले आणि गुंडगिरी यांच्या विरोधात ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि कॅथलिक धर्मगुरू असलेले दिब्रिटो तिच्या पुढच्या रांगेत होते. त्यांनी देश ख्रिस्ती करायचा विडा उचलला नव्हता. पक्ष काढला नाही. विहीर कुणाची, पाणी कुणाचं, एवढंच धरून बसले, आणि त्यासाठी हिंदू-ख्रिस्ती गावकरी एका मोर्च्यात चालले.

जिंकले का? सरळ सांगायचं तर बरंचसं हरले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती १२ लाखांच्या वर गेली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी तिथे महानगरपालिका झाली आणि गावं तिच्यात घालू नका म्हणून पुन्हा नवी लढाई सुरू झाली. ज्याला कर्मेल हवा होता, तो माणूस यात केव्हाच मोडून गेला असता. दिब्रिटो मोडले नाहीत, याचं कारण मला त्यांच्या दुसऱ्या कामात दिसतं. ते ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते आणि अनेक वर्षं बायबलच्या मराठी अनुवादाला बसत होते. त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. सकाळी मोर्चा आणि रात्री एखाद्या ओवीसाठी तीन शब्दकोश, अशा माणसाची भाकर कुठून येत होती ते वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष नको म्हणून विरोध झाला. पाठीचं दुखणं सोसत ते गेले आणि बोलायचं ते बोलले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘नाही मी एकला’. एलीयाला होरेबवर जे ऐकवावं लागलं, ते इथे मुखपृष्ठावरच आहे. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

पंडिता रमाबाईंकडेही याच बाजूने पाहता येतं. डिसेंबर १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्री प्रतिनिधी होत्या, त्यांत त्या होत्या. पुढे १८९३ मध्ये त्यांच्या ‘शारदा सदन’ या संस्थेतल्या मुली ख्रिस्ती होत असल्याचा गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, आणि बाईंनी हळूहळू व्यासपीठांकडे पाठ फिरवली. केडगावला जाऊन त्या भजन-प्रार्थनेत रमल्या, असं पुष्कळांना वाटतं. पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, इस्पितळात बायकांना कसं वागवतात हे त्यांनी पाहिलं, आणि ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून थेट सरकारला धारेवर धरलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून गय केली नाही. काँग्रेसचा मंडप सुटला होता, इस्पितळातल्या बाईची खाट सुटली नव्हती. आणि शेवटची वर्षं त्यांनीही मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम चालू होतं.

राजकारण सोडून आपलं वेगळं ख्रिस्ती गाव वसवू म्हणणाऱ्यांनी आमच्या जालन्याचं बेथेल आठवावं. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवलं, पण जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. संसार सोडायलाही दिवाणाची सही लागते.

इथपर्यंत मी दमणं एकाच प्रकारचं असल्यासारखं बोललो. तसं ते नाही. मामांना राजकारण सोडता आलं, कारण त्यांच्याकडे पेन्शन आहे. आमच्या चर्चमध्ये पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक काकू आहेत. चर्चच्या वहीत त्यांचं नाव बायबलमधलं, शाळेच्या दाखल्यावर आणि जातीच्या कागदावर दुसरंच. हे कोडं १० ऑगस्ट १९५० चं आहे. राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू सोडून इतर धर्मीय दलिताला यादीबाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. हे दुसरं महाराष्ट्राला नीट ठाऊक आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. तेलंगणात ख्रिस्ती झालेल्या दलितांना ‘बीसी-सी’ असा मागासवर्गातला गट आहे, त्याला एक टक्का. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात अर्ज आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हणून अहवाल दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला आणि त्याच्या मुदती वाढत राहिल्या.

या काकूंना कर्मेल कधी मिळालाच नाही. त्यांचा सगळा जन्म नाबोथाच्या मळ्यात गेला. दरवर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात, काकू फीत लावून जातात, संध्याकाळी परत येऊन भात टाकतात. राजकारणाचा वीट आला असं त्या म्हणत नाहीत. खरं म्हणजे याला राजकारण असंच त्या म्हणत नाहीत, “आमच्या पोरांच्या सर्टिफिकेटचं काम” म्हणतात. एकदा मी विचारलं, एवढ्या वर्षांत कंटाळा नाही आला? त्यांनी मलाच उलट विचारलं, कुणाला कंटाळून बसू? मला वाटतं, त्या ७,००० लोकांत अशी माणसं असणार. कर्मेलवरच्या एलीयाला ती दिसणं शक्यच नव्हतं.

आणि नाबोथाचं राजकारण न दमवणारं आहे असंही नाही. एलीया मळ्यात पोचला तेव्हा नाबोथ आधीच मेलेला होता. अहाबने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, तर देवाने शिक्षाही त्याच्या मुलाच्या काळावर ढकलली. मळा नाबोथाच्या घराकडे परत गेल्याची नोंद नाही. होरेबवर सांगितलेल्या तीन कामांपैकी एलीयाने स्वतः एकच केलं. रानातून परतताना नांगर धरलेल्या अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकला. हजाएल आणि येहू यांची कामं त्याच्यामागे अलीशाच्या हातून झाली, तीही काही स्वच्छ झाली नाहीत. हजाएल पुढे काय करणार हे दिसून अलीशा त्याच्यासमोरच रडला. आणि येहूने इज्रेलात जे रक्त सांडलं, त्याचा जाब पुढे होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देवानेच मागितला. राहिलेल्या दोन कामांबद्दल एलीयाला मात्र कुणी काही विचारलं नाही.